पिकअपच्या हौद्यावर लाईट लावताय? मग आधी अर्थिंगचं बघा

रात्री माल भरणाऱ्या कुठल्याही पिकअपला हौद्यावरच्या पाईपला दोन-चार एलईडी लावलेल्या दिसतील. टोमॅटोवाले, फुलंवाले, कांदेवाले, सगळ्यांकडे आहेत. आणि त्यातल्या निम्म्या गाड्यांना विचारलं की लाईट का बंद आहे, तर उत्तर ठरलेलं, "चायना माल आहे हो, पाऊस लागला की गेला." माल चायना असेल पण दर वेळी दोष त्याचा नसतो. बहुतेक वेळा लाईट ठणठणीत असते आणि तिच्याकडून परत बॅटरीपर्यंत येणारा रस्ता गंजलेला असतो. प्लस वायर सगळे मन लावून ओढतात, मायनस, म्हणजे अर्थ (अर्थिंगची वायर), मात्र जवळच्या नटबोल्टला गुंडाळून मोकळे होतात. म्हणून हे सगळं लिहितोय. बोलेरो पिकअप डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय कारण आपल्याकडे तीच जास्त, पण योद्धा असो, व्ही-क्रॉस असो, 12 व्होल्टच्या कुठल्याही गाडीला हेच लागू होतं.

आधी ठरवा की लाईट कशासाठी पाहिजे. शेताच्या बांधावर गाडी लावून कॅरेट भरायचे, मार्केटला फाळका खाली टाकून माल उतरवायचा, ताडपत्रीची दोरी बांधताना हाताला काय लागतंय ते दिसायला पाहिजे, एवढंच काम. त्याला फ्लड टाईप लाईट लागते, पसरणारी. स्पॉट टाईप घेऊ नका, ती लांब एका ठिकाणी मारते आणि हमालाच्या डोळ्यात जाते, तो बिचारा हात आडवा धरून एका हाताने कॅरेट उचलणार का? 18 वॅटच्या चार लाईट हौद्याला भरपूर होतात, दोन केबिनच्या मागच्या बाजूला वर आणि दोन मागच्या कोपऱ्यांत, चारही तोंडं आत आणि खाली. बाहेर मागे तोंड करून एकही नको, त्याचं कारण पुढे येतंय. आणखी एक, टोमॅटो किंवा डाळिंबाची प्रतवारी हौद्यावरच करत असाल तर निळसर पांढरी लाईट घेऊ नका, रंग फसवा दिसतो. थोडी पिवळसर घ्या, पावसाळ्यात किडेही कमी येतात.

लाईट घेताना खोक्यावर 10 ते 30 व्होल्ट लिहिलंय का बघा. तशी असेल तर पिकअपलाही चालते आणि मोठ्या ट्रकलाही. ट्रकच्या सामानाच्या दुकानात मात्र फसगत होऊ शकते, तिथे बरंच सामान 24 व्होल्टचं असतं. लाईट चालून जाईल पण 24 व्होल्टचा रिले (बारीक करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा डबीसारखा स्विच) तुमच्या 12 व्होल्टवर ओढणारच नाही आणि तुम्ही दोन तास वायर तपासत बसाल. रिलेच्या डोक्यावर 12V छापलेलं वाचूनच पैसे द्या.

आता हिशोब, थोडाच आहे पण टाळू नका. 18 गुणिले 4 म्हणजे 72 वॅट, भागिले 12, म्हणजे 6 अँपिअर. खोक्यावरचे वॅट फुगवून लिहिलेले असतात हे सगळ्यांना माहितीये, त्यामुळे जमलं तर एक लाईट थेट बॅटरीवर लावून मल्टीमीटर 10 अँपच्या रेंजला टाकून सिरीजमध्ये, म्हणजे लाईटचा करंट मीटरमधूनच जाईल असा जोडून, मोजा. 18 वॅटची म्हणवणारी लाईट दीड अँपच्या आसपास घ्यायला पाहिजे, अर्धा अँप घेत असेल तर काय समजायचं ते समजा. पण वायर आणि फ्यूजचा हिशोब खोक्यावरच्या आकड्यानेच धरा, पुढेमागे बरी लाईट लावली तर वायरिंग बदलावं लागणार नाही.

वायर कुठली घ्यायची यावर गॅरेजमध्ये भांडणं होतात. बॅटरी बोनेटमध्ये, लाईट हौद्याच्या टोकाला, वळणं धरून सात मीटर तरी वायर एका बाजूला लागतेच. आणि करंट जातो तसा परतही येतो, म्हणजे चौदा मीटर झाली. स्पीकरची ती पातळ अर्ध्या स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर 6 अँपला दोन्ही बाजू मिळून तीन व्होल्ट वाटेतच जातात, इंजिन बंद असताना लाईटपाशी साडेनऊ व्होल्ट पोचतात आणि ती फडफडायला लागते. 1 स्क्वेअरला साधारण दीड व्होल्ट जातात. 2.5 स्क्वेअरला अर्ध्या व्होल्टच्या थोडं वर, म्हणजे चालेल. म्हणून मेन लाल आणि मेन काळी दोन्ही 2.5, आणि वर पाईपवर प्रत्येक लाईटला फुटणारी शेवटची मीटरभर वायर 1 स्क्वेअर पुरते. घरात वापरतो ती वायर उरलीये म्हणून टाकू नका, विशेषतः एक जाड तार असलेली तर अजिबात नको, गाडीच्या हादऱ्याने ती आतल्या आत तुटते आणि वरून प्लास्टिक शाबूत दिसतं. ऑटोमोबाईलची, बारीक बारीक तारांची वायर मागा. आणि खरा तांबाच घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम वायर पण विकली जाते, सुरीने खरवडलं की आतून पांढरी निघते.

बाकीचं सामान असं की 12 व्होल्ट 30 अँपचा चार पिनचा रिले आणि त्याचा सॉकेट, झाकणवाला ब्लेड फ्यूजचा होल्डर, लाल दिवा असलेला स्विच, काळा नालीदार पाईप, थिंबल (वायरच्या टोकाला चेपायची धातूची टोपी), ग्लू असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आकसणारी नळी), रबरी ग्रोमेट (भोकात बसवायची रबरी रिंग), केबल टाय, दोन पिनचे वॉटरप्रूफ कपलर आणि एक छोटा वॉटरप्रूफ जंक्शन बॉक्स. क्रिंपिंगचा, म्हणजे थिंबल वायरवर चेपायचा, प्लायर बरा घ्या. साध्या पक्कडीने चेपलेलं थिंबल ओढलं की निघतं, निघालं नाही तर आत ढिलं राहतं आणि तिथेच गरम होतं.

कामाला हात लावायच्या आधी बॅटरीचा मायनस काढा. हे सगळे सांगतात आणि कुणी करत नाही. पण फॅब्रिकेटरकडे जाऊन पाईपला लाईटचे क्लॅम्प वेल्डिंग करून घेणार असाल तर मायनस काढल्याशिवाय वेल्डिंगची कांडी गाडीला लावूच देऊ नका, आताच्या गाड्यांमध्ये ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आहे, वेल्डिंगचा करंट नको तिथून गेला तर त्याचं बिल लाईटच्या बिलाच्या कितीतरी पट येईल. आणि वेल्डिंग मशीनचा अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डिंगच्या जागेच्या अगदी शेजारी लावायला सांगा, चेसिसला कुठेतरी लांब नाही. खरं तर वेल्डिंगपेक्षा यू-बोल्टचा क्लॅम्प बरा, काढता घालता येतो.

आता वायरिंग. बॅटरीच्या प्लसवरून लाल वायर, आणि बॅटरीपासून एक वीत अंतरातच फ्यूज. एक वीत म्हणजे एक वीतच, हात दीड हात नाही. फ्यूज लाईट वाचवण्यासाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. बॅटरी आणि फ्यूजच्या मधली वायर कुठे घासून बॉडीला लागली तर तिला आडवणारं कुणीच नाही, ती लाल होईपर्यंत तापते. आपला लोड 6 अँप, सव्वापट केलं की साडेसात होतात, म्हणून 10 अँपचा लाल फ्यूज टाका. तो उडाला तर कारण शोधा. 20 चा पिवळा टाकून बघू म्हणणारे असतात, आणि फ्यूजला सिगारेटची चांदी गुंडाळणारे तर आहेतच, त्यांच्याबद्दल काय बोलावं.

फ्यूजनंतर रिले. त्याच्या पायांवर नंबर असतात. 30 ला फ्यूजकडून आलेली वायर, 87 वरून हौद्याकडे जाणारी वायर, 86 ला स्विचकडून येणारी, 85 अर्थला. पाच पिनचा मिळाला तर मधला 87a मोकळा ठेवा, त्याला टेप मारा, कारण स्विच बंद असताना त्याच्यावर करंट असतो. रिले कशाला, थेट स्विचवरूनच देऊ की, असं पुष्कळ जण म्हणतात. 6 अँपला चांगला स्विच टिकेलही, पण मग जाड मेन वायर डॅशबोर्डमध्ये आणून परत बाहेर न्यावी लागते, लांबी वाढते आणि केबिनमध्ये पूर्ण लोडचा करंट फिरतो. रिलेचं कॉईल जेमतेम पाव अँपच्या आत घेतं, त्यामुळे स्विचला पाऊण स्क्वेअरची बारीक वायर चालते. रिले बोनेटमध्ये बॅटरीजवळच स्क्रूने बसवा, पाय खालच्या बाजूला, म्हणजे पाणी पडलं तर ओघळून जाईल, साठणार नाही.

स्विचला सप्लाय कुठून द्यायचा हे तुमच्या सवयीवर आहे. थेट बॅटरीवरून दिला तर चावी काढूनही लाईट चालते, सोय आहे, पण माल उतरवून चहाला गेले आणि लाईट विसरले की पहाटे सेल्फ नुसता टक टक करणार. माझं मत विचाराल तर चावीच्या ॲक्सेसरी लाईनवरून द्या, फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेतून जादा वायर काढायचा जोड) घालून, 3 अँपचा फ्यूज लावून. चावी काढली की लाईट बंद, विषय संपला. इंजिन बंद ठेवून दोन तास चारही लाईट चालवल्या तर 12 अँपिअर-तास जातात, चांगल्या बॅटरीला ते जड नाही, पण जुन्या झालेल्या बॅटरीला थंडीत जड जातं.

काही जण रिव्हर्स लाईटच्या वायरवरून पण रिलेला सिग्नल घेतात, म्हणजे गाडी मागे घेताना हौद्यावरचे लाईट आपोआप लागतात. करता येतं, पण मध्ये डायोड पाहिजेत, ते करंट एकाच दिशेने जाऊ देतात. 1N4007 दोन घ्यायचे, एक स्विचच्या वायरमध्ये आणि एक रिव्हर्सच्या वायरमध्ये, दोन्हींचा चंदेरी पट्टा रिलेच्या बाजूला. डायोड नसतील तर स्विच लावल्यावर करंट उलटा जाऊन गाडीचे रिव्हर्स लाईट लागतात आणि मागचा माणूस समजतो गाडी मागे येतेय. बीएस-6 गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) अजिबात ब्लेड लावू नका, ही सोय नसली तरी चालेल. उद्या दुसरंच काही बिघडलं तरी त्या कापलेल्या वायरकडे बोट दाखवून मोकळे होतील.

आता वायर मागे न्यायची. लाल आणि काळी दोन्ही एकाच नालीदार पाईपमध्ये घालून, चेसिसच्या आतल्या बाजूने, कंपनीचा हार्नेस जिथून जातो तिथूनच न्या, त्यांनी ती जागा विचार करून निवडलेली असते. हातभर अंतरावर एक टाय मारत जा. सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट आणि लीफ स्प्रिंगपासून लांब. डिझेलच्या पाईपला किंवा ब्रेकच्या पाईपला टाय मारून वायर बांधू नका, सीएनजी गाडी असेल तर गॅसच्या लाईनपासून तर चांगलं अंतर ठेवा. चेसिसवरून हौद्यावर चढताना थोडी वायर ढिली सोडा, कारण केबिन आणि हौदा खड्ड्यात वेगवेगळे हलतात, ताणून बांधलेली वायर तिथेच तुटते. जिथे पत्र्याला भोक पाडाल तिथे कानस मारून कडा बोथट करा आणि ग्रोमेट बसवल्याशिवाय वायर आत घालू नका. गोडाऊनला गाडी लागत असेल तर उंदराचा पण विचार करा, पाईपची तोंडं उघडी ठेवू नका, टेप गुंडाळून बंद करा.

लाईट लावलेल्या पाईपचा सांगाडा ज्या ठिकाणी हौद्याला बोल्ट करतो तिथे कपलर टाका. ऊस किंवा कडबा भरायचा असला की सांगाडा काढावा लागतो आणि तेव्हा घाईत वायर कापली जाते, नंतर पीळ मारून टेप लावली जाते आणि मग पहिल्या पावसात लाईट जाते. कपलर असेल तर नुसता उपटून बाजूला ठेवायचा.

आता अर्थ, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं. वरच्या पाईपला लाईटचा बोल्ट लावला की मायनस मिळाला असं समजतात, आणि नवीन गाडीत लाईट लागते पण. पण करंटचा रस्ता बघा. लाईटची बॉडी, मग क्लॅम्प, क्लॅम्पखाली पाईपचा रंग, पाईप हौद्याला जिथे बोल्ट केलाय तो गंजका बोल्ट, हौदा आणि चेसिसच्या मध्ये कुठे रबर पॅकिंग तर कुठे लोकल बॉडी असेल तर लाकडाची पट्टी, मग चेसिस, मग इंजिनचा अर्थ, मग बॅटरी. यातला एक जोड जरी गंजला तरी खेळ संपला. कोकणात खाऱ्या हवेत तर एका पावसाळ्यात होतं हे, आणि हौद्यात मासळीचं पाणी, खताच्या गोणी असतील तर कुठेही होतं. शिवाय रस्ता अर्धवट बंद झाला की करंट दुसऱ्या वाटेने परत जायला बघतो, म्हणजे टेललाईटच्या अर्थमधून, आणि मग इंडिकेटर लावला की हौद्यावरचा लाईट लुकलुकतो, असले भुताटकीचे प्रकार सुरू होतात. म्हणून चारही लाईटच्या काळ्या वायरी जंक्शन बॉक्समध्ये एकत्र करा आणि तिथून 2.5 ची काळी वायर पूर्ण पुढे आणा, बॅटरीची जाड मायनस केबल चेसिसला किंवा बॉडीला जिथे बोल्ट केलेली असते त्याच बोल्टवर थिंबल लावा. थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावलं तरी चालतं, पण ज्या गाड्यांत मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो तिथे टर्मिनलवर लावू नका, बॉडीच्या बोल्टवरच लावा. बोल्टखालचा रंग सॅन्डपेपरने घासून पत्रा चमकला पाहिजे, थिंबल घट्ट करायचं आणि वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन फासायचं.

केलेला अर्थ बरोबर आहे का हे बघायची एक पद्धत आहे आणि ती ऑटो इलेक्ट्रिशियनला पण करायला लावा. मल्टीमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. चारही लाईट चालू करा, लाईट चालू असायलाच पाहिजेत, बंद असताना हे मोजून काही कळत नाही. काळा प्रोब बॅटरीच्या मायनसवर, त्याला लांब वायर जोडून घ्यावी लागेल, आणि लाल प्रोब सगळ्यात मागच्या लाईटच्या काळ्या वायरीच्या तांब्यावर. 0.3 च्या आसपास दिसलं म्हणजे फक्त वायरच्या लांबीचं नुकसान आहे, ठीक आहे. 1 च्या वर दिसलं तर कुठेतरी जोड ढिला किंवा घाण आहे, मग प्रोब एकेक जोड पुढे सरकवत बॅटरीकडे या, जिथे आकडा एकदम पडेल तोच जोड खराब. प्लसच्या बाजूलाही असंच, एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरा लाईटच्या लाल वायरीवर. टेस्ट लॅम्पने हे कळत नाही, तो पेटला की सगळे खूश होतात.

जोडांबद्दल. पीळ मारून काळी टेप लावलेला जोड केबिनच्या आत एकवेळ चालेल, हौद्यावर नाही. उन्हात टेपचा गोंद वितळतो, चिकट होतो, धूळ पकडतो आणि सुटतो. सोल्डर करायचा मोह होतो, पण हलत्या गाडीत सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि नेमकी तिथेच तुटते, म्हणून क्रिंप करून वरून ग्लूवाली स्लीव्ह तापवा, ग्लू दोन्ही टोकांनी थोडा बाहेर आला म्हणजे पाणी जाणार नाही. लाईटमध्ये किंवा बॉक्समध्ये वायर शिरायच्या आधी तिला खाली एक झोल द्या, पाणी त्या झोलावरून खाली टपकेल, आत शिरणार नाही. आणि आयपी 67 लिहिलंय म्हणून वॉशिंग सेंटरवाल्याला जवळून प्रेशर मारू देऊ नका. 67 चा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवली तर आत पाणी जात नाही, प्रेशरच्या फवाऱ्याची ती चाचणी नाही.

आता बाहेर मागे तोंड का नको ते. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 108 सांगतो की गाडीच्या मागून लाल सोडून दुसरा लाईट दिसता कामा नये. रिव्हर्सचा पांढरा, नंबर प्लेटचा पांढरा, इंडिकेटर असे मोजके अपवाद आहेत. हौद्यावरची वर्क लाईट त्यात बसत नाही, म्हणजे चालत्या गाडीत ती बंदच पाहिजे. पोलीस पकडो न पकडो, माळशेजमध्ये धुक्यात तुमच्या मागे येणाऱ्याच्या डोळ्यावर 72 वॅट पांढरा मारला तर त्याला दरी कुठे आणि रस्ता कुठे ते कळणार नाही. म्हणून स्विच लाल दिव्याचा घ्या आणि तो स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, रात्री नजरेत येईल असा बसवा, गुडघ्यापाशी लपवून नाही. फाळका लावल्यावर ड्रायव्हरला तो लाल ठिपका दिसला की लक्षात येतंच.

सगळं झालं की बॅटरीचा मायनस लावा, फ्यूज सगळ्यात शेवटी घाला. लाईट चालू करून अर्धा तास ठेवा आणि मग फ्यूज होल्डर, रिलेचा सॉकेट, अर्थचं थिंबल यांना हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर ते क्रिंप परत करा. एक महिनाभर गाडी रस्त्यावर पळाली की क्लॅम्पचे नट आणि अर्थचा बोल्ट परत एकदा आवळा, खडीच्या रस्त्यावर ते ढिले होतातच. पहिला मोठा पाऊस झाला की जंक्शन बॉक्स उघडून बघा, आत घाम धरलेला दिसला तर बॉक्सच्या खालच्या बाजूला बारीक भोक पाडा, आणि फ्यूज, रिले कुठे आहेत, कुठली वायर कशाची, ते मार्करने कागदावर काढून बोनेटच्या आतल्या बाजूला पारदर्शक टेपने चिकटवून ठेवा, रात्री दोन वाजता मार्केटच्या गेटवर तुमचा ड्रायव्हर ते बघून फ्यूज बदलेल, तुम्हाला फोन करणार नाही.